चौकट आणि प्रतिबिंब

मराठीतील 'आरसा' हा शब्द संस्कृत 'आदर्श' या शब्दापासून आला. मूळ शब्दाचा अर्थही आरसा असाच होता. अनुकरणीय वस्तू हा त्याचा अर्थविस्तार. कालांतराने झिजलेले रूप घराच्या भिंतीवर राहिले आणि तत्सम रूप नीतिविचारात गेले. एक जे आहे ते दाखवतो, दुसरा जे असावे त्याकडे बोट करतो. भिंतीवरचा आरसा कोणी घरच्या घरी, आपल्या हातांनी सजवू लागले, की दुरावलेले हे दोन्ही अर्थ पुन्हा समोरासमोर येतात. सजावट म्हणजे जे आहे त्यावर जे असावे त्याचा संस्कार. मग ती सत्याला पूरक ठरते, की सत्यावर पांघरूण घालते?

या प्रश्नाचा विचार कुंभकोणमजवळच्या तिरुवलंचुळी या गावाच्या संदर्भात करणे उद्बोधक ठरेल. गावाच्या नावातच उजवे वळण आहे. कावेरीच्या उजवीकडे वळणाऱ्या प्रवाहाशी ते जोडले जाते. आरशात मात्र उजवे ते डावे दिसते. या परिसरात आरशाची चौकट घडवायची तर साहित्य दाराशीच असते. जवळच्या स्वामीमलई येथील मूर्तिकार मेणाच्या प्रतिमेवर कावेरीच्या बारीक गाळाचा पहिला थर देतात, कारण मेणावरची सूक्ष्मातील सूक्ष्म रेषा तो गाळ टिपून घेतो. तोच गाळ भाताच्या तुसासह मळून फळीवर थापता येतो. तूस असल्याने तो वाळताना फारसा तडकत नाही. त्यावर करवंटीचे घासलेले तुकडे, केळीच्या सोपटाचा धागा, ताडाच्या पानाची वीण. चिकटवायला चिंचोक्याची खळ. एवढे सारे हाताने साधते. मधली काच तेवढी बाजारातून आणावी लागते. म्हणजे ज्या अंशामुळे त्या वस्तूला आरसा म्हणायचे, तोच अंश करणाऱ्याच्या हातचा नसतो.

'घरी केलेला', 'निसर्गातून घडवलेला' या विशेषणांना येथे पहिला धक्का बसतो. हे शब्दही एक प्रकारची सजावटच आहेत. ते वस्तूला कमी आणि करणाऱ्याच्या स्वप्रतिमेला अधिक नटवतात. वस्तुतः काचही वाळू, सोडा आणि चुनखडी यांचीच होते. निसर्ग आणि कृत्रिमता यांमधील रेषा पदार्थाच्या मुळाशी शोधू गेल्यास हाती लागत नाही. नैतिक प्रश्न निराळा आहे: या स्वच्छ प्रतिबिंबाची किंमत कोणी दिली? युरोपात शतकानुशतके काचेमागे कथील आणि पारा यांचा लेप दिला जाई, आणि पाऱ्याच्या वाफेने कारागिरांची शरीरे पोखरली जात. १८३५ मध्ये युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काचेवर चांदीचा पातळ थर चढवण्याची रासायनिक रीत दाखवली, तेव्हा पाऱ्यापासून सुटकेची वाट मोकळी झाली. पाऱ्याच्या आरशात दिसणाऱ्या रूपामागे परक्याचा आजार होता. तो मात्र त्या आरशात कधीच दिसला नाही.

केरळातील आरन्मुळा येथील काही कुटुंबे तांबे आणि कथील यांच्या मिश्रणातून मातीच्या साच्यात धातूचा आरसा ओततात आणि कित्येक दिवस हाताने घासून त्याला झळाळी आणतात. तेथे काचेचे माध्यम नाही. पृष्ठभागावर टेकवलेले बोट आणि त्याचे प्रतिबिंब यांत अंतर उरत नाही. करणाऱ्याच्या हाताची मर्यादा येथे चौकटीवरून आरशापर्यंत सरकली. पण नाहीशी झाली नाही. आरसा घडवता येतो, त्यात दिसणारा चेहरा घडवता येत नाही.

तंजावरच्या चित्रपरंपरेने, जी तेथील मराठी राजवटीत बहरली, काचेचा वेगळाच उपयोग केला. फणसाच्या फळीवर कापड, त्यावर खडूच्या भुकटीचा थर, उठावाच्या नक्षीवर सोन्याचा वर्ख, आणि मध्ये मध्ये काचेचे तुकडे. या काचांत कोणी आपला चेहरा पाहत नाही. त्या देवघरातील समईची ज्योत टिपतात. चमक तीच, पण ती पाहणाऱ्याला बाजूला सारते. म्हणजे दोष सजावटीत नसून तिच्या दिशेत आहे. जी 'स्व'कडे वळते ती मोहात पाडते. जी 'स्व'पासून पलीकडे नेते ती मुक्त करते.

भिंतीवरचा आरसा मात्र चेहरा दाखवणारच. त्याची सुटका कशात? उत्तर तिरुवलंचुळीच्या देवळात सापडू शकते. तेथील श्वेतविनायक समुद्रमंथनातल्या फेसाचा घडवला, अशी कथा आहे. म्हणून त्याला अभिषेक होत नाही. केवळ कापराची पूड हलकेच वाहिली जाते. पाणी न सोसणाऱ्या मूर्तीसाठी परंपरेने आरशाचाही आधार घेतला आहे: बंगालच्या दुर्गापूजेत मातीच्या मूर्तीऐवजी तिच्या प्रतिबिंबाला स्नान घातले जाते. येथे आरसा गर्वाचे साधन नाही. नाजूक वस्तूवरचा आघात तो स्वतःवर घेतो. फेसाचा विनायक टिकला तो पदार्थाच्या बळावर नव्हे, हात आवरणाऱ्या माणसांच्या बळावर.

गाळ आणि करवंटीच्या चौकटीचे मोल येथेच आहे. काच म्हातारी होत नाही. तिच्यात रोज नवा चेहरा दिसतो आणि कालचा पुसला जातो. चौकट मात्र फिकट होते, धागा सुटतो, पावसाळ्यात कोपरा भुसभुशीत होतो. पाहणाऱ्याचे वय काच विसरते, चौकट लक्षात ठेवते. ती पुनःपुन्हा लिंपावी लागते, आणि त्या लिंपण्यात काळजी घेण्याची सवय घडते. नश्वर पदार्थाची सजावट सत्य झाकत नाही. जे काचेला सांगता येत नाही ते ती सांगते.

हातच्या कांकणाला आरसा कशाला, असे मराठी म्हण विचारते. जे हाताने केले ते हातावरच दिसते. आरशाची गरज उरते ती न केलेल्यासाठी, न जपलेल्यासाठी. म्हणून मधली काच परक्याची असली, तरी तिच्याभोवतीची ओली माती करणाऱ्याच्या हातची असणे हीच त्या दोन अर्थांची भेट: आत आरसा, भोवती आदर्श.