सहा फुटांतले दोन हक्क

पुण्यात हल्ली एक तक्रार सिद्धान्तासारखी मांडली जाते : फुटपाथ रुंद केले म्हणून वाहतूक तुंबली. पुराव्यादाखल जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन रस्ता हमखास हजर केले जातात. ‘एवढ्या रुंद फुटपाथवर चालतं कोण?’ हा जोडप्रश्न. तो विचारणारा बहुधा सिग्नलला अडकलेल्या गाडीत एकटाच बसलेला असतो, एवढा तपशील तेवढा गाळला जातो.

जंगली महाराज रस्त्याची गंमत अशी की, १९७० च्या दशकात तो झाल्यापासून पुणेकर त्याचे कौतुक सांगत आले ते डांबराचे. खड्डा म्हणून पडत नाही! त्याच्या कडेने माणसाला सुखाने चालता येते का, हा विषय ऐरणीवर यायला २०१६ उजाडले. त्या वर्षी महापालिकेने पादचारी धोरण मान्य केले.

धोरण कागदावर देखणे आहे. ते कुठवर पोचले हे पाहायचे असेल तर उपनगरातल्या कुठल्याही वर्दळीच्या रस्त्यावर शंभर पावले चालावे. सोसायटीच्या फाटकाशी फुटपाथ खाली उतरतो आणि फाटक संपताच गुडघा कुरकुरेल इतका वर चढतो. पुढे विजेचा डीपी, मग झाडाचा पार, मग आडव्या लावलेल्या दुचाक्या. पावसाळ्यात सैल पेव्हर ब्लॉकवर पाय पडला की खालचे गढूळ पाणी थेट पायजम्यावर. आजोबा शेवटी रस्त्यावर उतरतात आणि मागून हॉर्न वाजतो. इंडियन रोड्स काँग्रेसचा निकष साधा आहे : किमान १.८ मीटर, म्हणजे सुमारे सहा फूट, विनाअडथळा रुंदी आणि कडेची उंची १५० मिलिमीटरच्या आत. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती.

इथवर बहुतेकांची मान हलते आणि तोडगाही तयार असतो : पथारीवाले हटवा. या तोडग्याला जेन जेकब्ज या बाईंनी फार पूर्वी अडचणीत आणून ठेवले आहे. नगररचनेची पदवी नसलेल्या या पत्रकार बाईंनी १९६१ साली अमेरिकी शहरांवर जे पुस्तक लिहिले, त्यातली तीन प्रकरणे निव्वळ फुटपाथवर खर्च केली. त्यांचे म्हणणे असे की, रस्ता मुख्यतः सुरक्षित ठेवतो तो पोलीस नव्हे. दुकानदार, गिऱ्हाईक, खिडकीत बसलेली म्हातारी यांची रस्त्यावर सतत असलेली नजर ठेवते. मुलांच्या खेळासकट सगळे सामावायचे तर तीस-पस्तीस फुटांचा फुटपाथ हवा, असे त्या लिहून गेल्या. आपण सहा फुटांसाठी भांडतो. आणि बाई नुसत्या लिहीत बसल्या नाहीत. न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या घरासमोरच्या हडसन स्ट्रीटचे फुटपाथ कापून मोटारींची वाट रुंद करायचा घाट पालिकेने घातला, तेव्हा शेजाऱ्यांना जमवून त्यांनी तो हाणून पाडला. पुण्यातल्या तक्रारखोरांची मागणी साठ वर्षांपूर्वी तिथे फेटाळली गेली आहे, ती अशी.

आता रात्री साडेदहाला क्लासवरून परतणाऱ्या मुलीला विचारावे : भुर्जीची गाडी आणि गजरेवाली असलेला फुटपाथ बरा, की स्वच्छ, सुना? मुंबईने २००८ पासून पादचाऱ्यांना उचलून स्कायवॉकवर चढवले. खालचा रस्ता मोटारींना मोकळा झाला. वरच्या निर्मनुष्य पुलांवरून एकटीने जायला बायका आजही कचरतात. म्हणजे प्रश्न फुटपाथ रिकामा करण्याचा नव्हेच.

न्यायालयाकडे पाहिले तर पेच आणखी स्पष्ट होतो. १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने उपजीविकेचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये आणला. मात्र फुटपाथ ही सार्वजनिक जागा आहे, ती बळकावता येणार नाही, हेही त्याच निकालात बजावले. बरोबर चाळीस वर्षांनी, मे २०२५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने वापरण्याजोगा फुटपाथ हाही त्याच कलम २१ चा भाग ठरवला. गजरेवालीचा हक्क आणि आजोबांचा हक्क एकाच कलमाखाली, एकाच सहा फुटांत, एकमेकांना कोपर मारत उभे आहेत. त्यांना लागूनच, डांबरावर, दिवसभर लावून ठेवलेली मोटार सुमारे दहा चौरस मीटर अडवते. तिच्यासाठी घटनेत कुठलेही कलम नाही. तरी अतिक्रमण विभागाची गाडी आली की उचलली जाते ती हातगाडी.

तेव्हा रुंद फुटपाथसाठी जागा काढायची तर ती पार्किंगमधून काढावी लागेल. आजोबांना सलग सहा फूट मोकळे राहावेत आणि पथारीला त्याबाहेर, आज मोटार उभी असते तिथे, आखून दिलेली जागा मिळावी. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात सर्वेक्षण आणि विक्रेत्यांची समिती यांची तरतूद आहेच. अडते ते मोटारीपाशी. पुणे महापालिकेच्या मुख्य सभेने २०१८ मध्ये मोजक्या पाच रस्त्यांवर पैसे घेऊन पार्किंग करायला मंजुरी दिली, तीही घासाघीस करून. त्यानंतर वर्षानुवर्षे त्या रस्त्यांवर गाड्या फुकटच लागत राहिल्या.