हिवराचं बी

जुळे सोलापुरातल्या एका कॉलनीच्या मोकळ्या जागेत त्या जुलैत साठेक रोपं लागली. सिल्व्हर ओक, महोगनी आणि कडेला दोन फणस. फणस कोपऱ्यातल्या घरातल्या सुनेनं राजापूरजवळच्या माहेराहून मांडीवर घेऊन आणले होते.

आबा कुंपणाजवळ उभे राहून बघत होते. १९७९ साली माळढोकासाठी राखलेल्या नान्नजच्या माळावर वनमजूर म्हणून त्यांची उभी हयात गेली. तिथल्या गवतात गिरिपुष्पाच्या रांगा वाढल्या आणि उघड्या जमिनीवर एकच अंडं घालणाऱ्या त्या पाखराची जागा आकसत गेली, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. हिरवं दिसलं की भलंच झालं, असं ते कधी म्हणत नसत.

विजेच्या तारेखाली नात वाकून बसली होती.

"काय हुडकलालीस गं?"

"आबा, लिंबाची रोपं एका रांगेत आलीत. कुणी लावली?"

"वर बघ की. साळुंक्या तारेवर बसून निंबोळ्या खातात, बी खाली पडतं. झाडाला पाय नसतात बाळा, त्याचं बी चालतं. उकाडा वाढला की सह्याद्रीतलं झाड असंच बियाबियानं वर सरकतं. माथ्यावरच्याला मात्र पुढं वाट नाही. आणि आपल्याकडं तर चढायला डोंगरच नाही. इथं जे टिकेल, ते हे ऊन सोसणारंच."

प्लॉटच्या टोकाला जुना हिवर होता. दुपारी वस्तीवरच्या धनगराची मेंढरं त्याच्याखाली बसत. उन्हाळाभर खाल्लेल्या शेंगांचं बी लेंड्यांतून पडलेलं, आता तिथं कोंब फुटले होते. आबांनी एका लेंडीशेजारची दोन इवली रोपं दाखवली. एकाची पानं बारीक, दाट, पिसासारखी; दुसऱ्याची जरा लांबट, विरळ. "हा हिवर. ही वेडी बाभूळ. दोघांनाही मेंढरंच आणतात. पण ही माजली की खाली दुसऱ्या कशाला उठू देत नाही." नातीनं वेडी बाभूळ मुळासकट उपटली आणि हिवराभोवती बोराटीच्या काट्या रचल्या. असे अकरा हिवर निघाले.

ऑगस्टात पावसानं ताण दिला. सोलापूरचा पाऊस सप्टेंबरावर भिस्त ठेवणारा खरा, पण अलीकडे मधली उघडीप फार लांबते. कॉलनीनं टँकर आणला, लोकांनी मनापासून बादल्या ओतल्या. त्या कष्टांत खोट नव्हती. पण पिशवीत मुळं गुंडाळलेल्या रोपांना मुरमात खाली उतरता आलं नाही. मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या आसपास गेला, तेव्हा पाच-सहा रोपंच उरली. फणस डिसेंबरातच गेले होते.

हिवर वीतभरच होते. वर वाढण्याआधी ते खाली गेले होते.

एका संध्याकाळी ती सून बादली घेऊन आली. फणसाच्या रिकाम्या आळ्यापाशी थांबली, मग हिवराकडे वळली.

"आबा, याला घालू का पाणी?"

"पाण्यावाचून अडलं नाही त्याचं. शेळी घुसलीय वाटतं, काट्या सरकल्यात बघा."

तिनं बादली खाली ठेवली, पदर हाताला गुंडाळला आणि बोराटीची फांदी उचलली.