बोट कुणाकडे?

चि. सोनू हिस,


तुझं पत्र मिळालं. भयपट पाहिला की रात्री ओटीवर एकटीला बसवत नाही, असं लिहिलंस. आई म्हणते असलं काही पाहूच नये. आणि तू मला विचारतेस, आधी कादंबरी वाचावी की आधी सिनेमा पाहावा?

भीतीच्या गोष्टींचं आपल्या भागाला कधीच वावडं नव्हतं. शहापूरच्या डोळखांबापासून मुरबाडच्या टोकावड्यापर्यंत कुठंही जा, वेशीवरच्या झाडात मुंजा असतो, रानात चकवा लागतो आणि खळ्यावर राखणीला चार माणसं जमली की हडळीची गोष्ट निघतेच. आम्ही त्या ऐकतच वाढलो. तेव्हा वाचू नकोस, पाहू नकोस, असं मी सांगणार नाही. फक्त गोष्ट संपली की एक बघत जा, तिनं बोट कुणाकडे दाखवलं?

माझ्या मनातून न गेलेला एक चित्रपट सांगतो. राजा परांजपे यांचा १९६४चा ‘पाठलाग’. जयंत देवकर यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरून तो घेतलेला. काशिनाथ घाणेकर आणि भावना यांच्या त्यात भूमिका आहेत. पुढं १९६६ साली राज खोसला यांनी हीच कथा हिंदीत ‘मेरा साया’ म्हणून आणली, सुनील दत्त आणि साधना यांना घेऊन. मी ‘पाठलाग’ म्हशाच्या जत्रेत तंबूत पाहिला. पौष पौर्णिमेची थंडी, पलीकडे बैलबाजार, आणि तंबूत माणसं घोंगड्या पांघरून गप्पगार बसलेली.

गोष्ट अशी की, जिवापाड प्रेम केलेली बायको गेल्यामुळे नायक खचला आहे. तेवढ्यात गुन्ह्याच्या आरोपावरून पकडलेली एक स्त्री समोर उभी राहते. हुबेहूब तोच चेहरा, आणि ती म्हणते, मीच तुमची बायको. दोघांशिवाय कुणालाच ठाऊक नसावं असं काहीबाही ती सांगू लागते. इथं अंगावर काटा येतो. पडद्यावर ना रक्त, ना किंकाळी. तरी आपल्या डोळ्यांदेखत गेलेलं माणूस परत कसं येईल, या विचारानंच हातपाय गार पडतात.

कादंबरीत लेखक नायकाच्या मनातला संशय पानं पानं लिहू शकतो. पडद्याला मन दाखवता येत नाही, तिथं चेहरा आणि आवाज यांवरच भिस्त. म्हणून गदिमांनी लिहिलेलं, दत्ता डावजेकरांनी चाल दिलेलं आणि आशा भोसल्यांनी गायलेलं गाणं त्या चित्रपटात एवढं मोलाचं आहे. पुस्तकाच्या पानाला गाता येत नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आलं. आधी काय आणि नंतर काय, याला फारसं महत्त्व नाही. एकात जे आहे ते दुसऱ्यानं कशानं भरून काढलं, हे शोधलंस की दोन्ही तुझी झाली.

पण मला खरं सांगायचंय ते पुढंच. अख्खा चित्रपटभर आपण त्या बाईचा निवाडा करत बसतो. ही ढोंगी, ही लबाड, हिला डांबा. तंबूत माझ्या शेजारचे लोक तर तसं उघड बोलत होते. शेवट मी सांगत नाही. एवढंच म्हणतो, की बाहेर पडताना कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

‘तुंबाड’ तू पाहिलाच असशील. राही अनिल बर्वे यांचा, २०१८चा. नारायण धारपांच्या कथेवरून तो सुचला आणि नाव आलं श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून. त्यातली म्हातारी भयंकर दिसते खरी, पण तिची ती गत लोभानं झालेली आहे. तो चित्रपट म्हातारीकडे बोट दाखवत नाही, सोन्याच्या मोहरांसाठी पुन्हा पुन्हा खाली उतरणाऱ्या माणसाकडे दाखवतो. म्हणून मी त्याला चांगली भयकथा म्हणतो.

आता आपल्याकडचं ऐक. २०२४च्या मार्चमध्ये आपल्याच मुरबाड तालुक्यात एका वृद्धाला, करणी करतो या संशयावरून, लोकांनी जळत्या निखाऱ्यांवर नाचवलं. ते करणारी माणसं भुतं नव्हती, शेजारपाजारचीच होती. कुणाचं पोर आजारी पडतं, कुणाची गाय आटते, मग भगताला विचारलं जातं आणि कुणाचं तरी नाव निघतं. बहुधा ते एकट्या, म्हाताऱ्या, ज्याच्या बाजूनं बोलायला कुणी नाही अशाच माणसाचं असतं. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्यासाठी वर्षानुवर्षं झटून २०१३ साली जीव गमावला, तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी झाला. त्याखाली सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण कायदा पोलीस ठाण्यात असतो, आणि संशय ओटीवर जन्माला येतो. तिथं कुणातरी माणसाला उभं राहावं लागतं.

ते माणूस तू व्हावंस, असं मला मनापासून वाटतं. पाड्यावर कुणा म्हातारीबद्दल कुजबुज सुरू झाली तर तिच्या घरी जा, तिच्याशी चारचौघांत बोल, तिच्या हातचं पाणी पी. प्रकरण वाढतंय असं दिसलं तर वेळ न घालवता पोलिसांना कळव आणि मलाही.

आणि भीतीच्या गोष्टी सोडू नकोस. ‘पाठलाग’ मिळव. मध्यंतराला थांब, त्या बाईबद्दल तुझा निकाल काय तो एका कागदावर लिही, आणि मगच पुढं पाहा. ‘आशा परत येते’ ग्रंथालयात मिळाली तर तीही वाच. तो कागद मात्र खाडाखोड न करता मला पाठव.

तुझा,
आजोबा