लपविलेलें कसब

अंगीं नसलेला गुण आहे असें जो भासवितो त्यास आपण दांभिक म्हणतों, आणि त्याविषयीं कोणाचें दुमत होत नाहीं. परंतु अंगीं असलेला गुण एखाद्यानें नाहींसा करून दाखविला, तर त्यास काय म्हणावें, या प्रश्नाचें उत्तर तितक्या झटकन् देतां येत नाहीं. विद्वानानें विद्या मिरवूं नये, बलवानानें नम्र असावें, अशीच शिकवण आपणांस लहानपणापासून मिळत आली आहे. गुण झांकणें हा विनयच होय असें मानण्याची आपली संवय आहे. हा विनय कोणत्या क्षणीं विनय राहत नाहीं याचा विचार करण्यास अमेरिकेंतील जुन्या पूल-गृहांइतकें सोईचें स्थळ आमच्या पाहण्यांत दुसरें नाहीं. वाचकांनीं नाक मुरडूं नये. जुगाराच्या जागीं नीतीचे प्रश्न पुष्कळदां व्यासपीठापेक्षां अधिक स्वच्छ दिसतात. कारण तेथें प्रत्येक असत्याची किंमत रोख मोजली जाते.

'पूल' हा शब्दच मुळीं पैजेचा आहे. अनेकांनीं मिळून लावलेली रक्कम म्हणजे 'पूल'. एकोणिसाव्या शतकांत घोड्यांच्या शर्यतींवर पैजा लावण्याच्या खोल्यांस 'पूल-रूम' म्हणत, आणि दोन शर्यतींमधला वेळ जावा म्हणून तेथें बिलिअर्डचीं टेबलें मांडलेलीं असत. खोलीचें नांव खेळास चिकटलें, आणि नांवाबरोबर खोलीची अपकीर्तिही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अशीं गृहें अमेरिकेच्या शहराशहरांतून होतीं. जिना चढून वर जावें, तों लांबट दिवाणखान्यांत ओळीनें टेबलें, त्यांवर हिरवी बनात, प्रत्येक टेबलावर टांगलेला दिवा, आणि भिंतीला लागून बांकें. त्या बांकांवर स्वतः न खेळतां दुसऱ्यांचा खेळ दिवसचे दिवस पाहत बसणारी मंडळी. भिंतीवर 'जुगार खेळूं नये' अशी पाटी, आणि पाटीखालीं जुगार! नेड पोल्स्की या समाजशास्त्रज्ञानें, जो स्वतःही बऱ्यापैकीं खेळत असे, या जगाचें वर्णन १९६७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकांत केलें आहे. हीं गृहें ओस पडलीं तीं दूरचित्रवाणीमुळें नव्हे, तर जन्मभर अविवाहित राहणाऱ्या पुरुषांचा वर्गच आटत गेल्यामुळें, असें त्याचें मत होतें. आम्हांस तें पटतें. ज्यांस घरीं कोणी वाट पाहत नसे, त्यांचें तें घर होतें.

या घरांत दोन जातींचे पटाईत वावरत. एक, सामन्यांत उतरून नांव मिळविणारा. दुसरा, नांवाला भिणारा. या दुसऱ्यास तिकडे 'हसलर' म्हणत. हसलर हा पत्तेबाजाप्रमाणें हातचलाखी करीत नाहीं, हें प्रथम लक्षांत घेतलें पाहिजे. बनातीवर सगळें उघडें असतें. गोळा खिशांत जातो किंवा जात नाहीं. त्याची लबाडी एकच, आणि ती म्हणजे आपण किती चांगले खेळतों हें तो कळूं देत नाहीं. अनोळखी माणसाशीं तो दोन डाव हरतो, तिसरा कसाबसा काढतो, पैज वाढूं देतो, आणि अखेरीस जिंकतो तेंही दैवानें हात दिला अशा चेहऱ्यानें. खेळ असा दाबून धरण्यास त्यांच्या बोलींत लिंबाचें नांव आहे. आपल्याकडील मुलांच्या खेळांतला लिंबू-टिंबू येथें कोणास आठवेल. फरक इतकाच, कीं आपला लिंबू-टिंबू खरोखरच कच्चा असतो.

या धंद्याचे कैवारी म्हणतात, कुस्तींत हूल देणें किंवा बुद्धिबळांत बेत मनांत ठेवणें यास कोणी असत्य म्हणत नाहीं. हें खरें आहे. पण हूल ही आखाड्यांत उतरल्यावर दिली जाते, आणि ती दिली जाईल हें समोरच्या मल्लास ठाऊक असतें. हसलरची हूल आखाड्याच्या बाहेरची. खेळावें कीं नाहीं, किती पैशांवर खेळावें, कोणीं कोणास किती सवलत द्यावी, हा जो करार खेळाआधीं होतो त्यांतच तो फसवितो. मग कैवारी दुसरा मुद्दा काढतात, कीं गिऱ्हाईक तरी कोठें साधु असतें? समोरच्यास कच्चा समजून त्याचे पैसे लाटावे म्हणूनच तेंही खेळावयास उभें राहतें. या युक्तिवादांत बळ आहे, आणि आम्हांस तो सहजासहजीं झिडकारतां येत नाहीं. परंतु त्या लोभाचें बीज पेरलें कोणीं? ज्याच्या मनांत लोभ नव्हता, त्याच्याही मनांत तो दोन डाव मुद्दाम हरून उत्पन्न करणें हाच या विद्येचा गाभा होय.

येथें वनपर्वांतील नलाची कथा आडवी येते. द्यूतांत राज्य घालविलेल्या नलास ऋतुपर्णाकडून अक्षहृदय प्राप्त झालें. तो निषध देशास परतला आणि पुष्करास म्हणाला, पुन्हां एकदां खेळूं. तें नको असेल तर रथांत बसून युद्ध कर. आतां दमयंतीही आपलीच, या आनंदांत पुष्करानें फांसे हातीं घेतले, आणि एका डावांत सर्वस्व गमावलें. आपण आतां नवी विद्या शिकून आलों आहों, हें नलानें त्यास सांगितलें नव्हतें. मग नलालाही हसलर म्हणावें काय? आमचें उत्तर असें, कीं नल गप्प राहिला, पण मुद्दाम वाईट खेळला नाहीं. व्यापारी आपला खरेदीचा भाव सांगत नाहीं तें मौन, आणि खोटी पावती दाखवितो तें असत्य. बुद्ध्या चुकविलेला फटका ही असलीच खोटी पावती आहे. 'मला हें साधत नाहीं' असें तें हातानें केलेलें विधान आहे, आणि हात बोलला म्हणून तें जिभेच्या विधानाहून कमी खोटें होत नाहीं. तथापि या उत्तरानें आमचें पुरतें समाधान होत नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. पुष्कर आपल्या जुन्या अनुभवावर विसंबला होता, आणि तो अनुभव आतां निकामी झाला आहे हें नलास ठाऊक होतें. नलाचें मौन आपणांस खटकत नाहीं, याचें अर्धें कारण पुष्करानें पूर्वीं कलीच्या साह्यानें केलेलें कपट, आणि उरलेलें अर्धें, नलानें जिंकल्यावर त्यास त्याचा वांटा परत देऊन सन्मानानें लावलेली वाट. समोर निरपराध परका असता, तर त्याच मौनाकडे आपण इतक्या प्रेमानें पाहिलें असतें असें वाटत नाहीं.

पुन्हां, खोट्या फटक्याचें विष परक्यापाशींच थांबत नाहीं. हसलर बहुधा स्वतःच्या पैशावर खेळत नसे. त्यास भांडवल पुरविणारा एक पाठीराखा असे. जिंकल्यास निम्मा वांटा त्याचा, हरल्यास सगळी बूड त्याची. आतां ज्या हातास परक्यापुढें मुद्दाम चुकण्याचें वळण लागलें, त्या हातास प्रतिपक्षाशीं संगनमत करून पाठीराख्याचे पैसे बुडवावयास नवें कांहींच शिकावें लागत नाहीं. आणि पाठीराख्यानें तरी ओळखावें कसें? बनातीवर खरा चुकलेला गोळा आणि खोटा चुकलेला गोळा सारखेच थांबतात. जेथें चूक हीसुद्धां चूक म्हणून विश्वासास पात्र राहत नाहीं, तेथें मैत्रीला उभें राहावयास जागा कोणती?

१९६१ सालीं इलिनॉय राज्यांतील जॉन्स्टन सिटी या लहानशा गांवीं जॉर्ज आणि पॉली जॅन्स्को या बंधूंनीं या मंडळींसाठीं जाहीर स्पर्धा भरविली. दिवसां सामने आणि रात्रीं पैशांचा खेळ, असा तेथला क्रम असे. वर्तमानपत्रें आलीं, मागाहून दूरचित्रवाणीही आली. ज्यांचें पोट अनोळखी असण्यावर चाले, ते असे दिव्याखालीं कां आले असतील? चार पैशांच्या बक्षिसासाठीं म्हणावें, तर छायाचित्र छापून आल्यानें होणारें नुकसान त्याहून मोठें होतें. आमच्या मतें, वर्षानुवर्षें दाबून ठेवलेलें कसब जाणत्या डोळ्यांपुढें एकदां तरी पूर्ण उलगडावें, ही तहान लाभाहून बलवत्तर ठरली. उत्तर कॅरोलायनांतील ल्यूथर लॅसिटर हा त्यांतलाच. युद्धकाळांत नॉरफॉकच्या टेबलांवर पैशांसाठीं खेळलेला हा मनुष्य पुढें जगज्जेता म्हणून ओळखला गेला. १९७२ सालीं सरकारी अधिकाऱ्यांनीं जुगाराबद्दल तेथें छापा घातला, आणि तो मेळा मोडला.

त्याच १९६१ सालीं 'द हसलर' हा चित्रपट निघाला, आणि रूडॉल्फ वांडरोन नांवाच्या न्यूयॉर्कच्या एका लठ्ठ, बोलघेवड्या खेळाडूनें त्यांतील मिनेसोटा फॅट्स हें पात्र म्हणजे मीच, असें सांगण्यास आरंभ केला. मूळ कादंबरीकार वॉल्टर टेव्हिस हें साफ नाकारीत असे. एकही मोठें अजिंक्यपद नांवावर नसतां वांडरोन घराघरांत पोहोंचला. लपविण्याच्या धंद्यांत वाढलेला मनुष्य मिरविण्याच्या धंद्यांत इतका सहज रुळला, याचें आम्हांस नवल वाटत नाहीं. दोहोंचा कच्चा माल एकच. त्याच्यावर सर्वांत अधिक चिडलेला मनुष्य म्हणजे विली मोस्कोनी. १९४१ ते १९५७ या काळांत पंधरा वेळां जगज्जेता झालेला हा खेळाडू फिलाडेल्फियाच्या एका पूल-गृहाच्या मालकाचा मुलगा. बापानें गोळे कुलुपांत ठेवले, तेव्हां बटाटे आणि झाडूचा दांडा घेऊन तो शिकला. मंदीच्या काळांत नोकरी गेल्यावर त्यानें धरला तो सामन्यांचा रस्ता. १९७८ सालीं दूरचित्रवाणीवर त्यानें वांडरोनला हरविलें.

आपल्याकडे हा खेळ गल्लींत उतरला नाहीं. तो जिमखान्यांतच राहिला. पुण्यास जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ सालीं कलकत्त्यास बिलिअर्डचे जागतिक हौशी विजेते झाले. काठीचा निसटता स्पर्श पंचांस दिसला नाहीं तरी आपण होऊन सांगावा, असा त्या परंपरेचा शिष्टाचार. तो सुंदर आहे. पण जेवण क्लबांत तयार असतां सत्य बोलणें आणि रात्रीच्या भाड्यासाठीं काठी हातीं घेतली असतां सत्य खेळणें यांस एका तराजूंत घालतां येत नाहीं. म्हणूनच आमचें मन जिमखान्यापेक्षां मोस्कोनीकडे अधिक ओढ घेतें.

१९५४ च्या मार्च महिन्यांत ओहायोंतील स्प्रिंगफील्ड येथें एका प्रदर्शनीय सामन्यांत तो खेळत होता. सामना २०० गुणांचा. तो जिंकल्यावर पैजही उरली नव्हती आणि प्रतिस्पर्धीही. तरी तो खेळत राहिला, आणि लागोपाठ ५२६ गोळे खिशांत घातल्यावर मगच चुकला. २०१९ सालीं जॉन श्मिट यानें ६२६ गोळे घालीपर्यंत तो अंक अढळ होता. कदाचित् एखाद्या हसलरनेंही कोठें मध्यरात्रीं बंद दाराआड तितकाच उत्तम खेळ केला असेल, पण त्याची साक्ष द्यावयास कोणी नव्हतें, आणि असावें अशी त्याची इच्छाही नव्हती. स्प्रिंगफील्डला त्या संध्याकाळीं जमलेल्या तीसपस्तीस लोकांनीं एका प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या, कीं आम्हीं हें आमच्या डोळ्यांनीं पाहिलें.