वाद घालणारे वारस

मोहन बागान या फुटबॉल क्लबचा आजवरचा सर्वांत मोठा खेळाडू कोण, हा प्रश्न कोलकात्यात कोणालाही विचारावा आणि उत्तरावरून त्याचे वय ओळखावे. चुनी गोस्वामींचे नाव घेणारा बहुधा सत्तरीच्या पुढचा असतो. सुब्रत भट्टाचार्य किंवा श्याम थापा म्हणणाऱ्याचे तरुणपण १९७०-८० च्या दशकांत गेलेले असते. होझे रामिरेझ बरेटो हे नाव ज्याच्या तोंडून आधी येते, तो शाळा-कॉलेजात असताना हा ब्राझीलचा माणूस हिरव्या-मरून जर्सीत खेळत होता. शैलेन मन्ना मोठे की गोष्ठ पाल, याबद्दल प्रत्यक्ष पाहून बोलणारे लोक तर आता जवळजवळ उरलेले नाहीत; त्यांच्या वतीने त्यांची मुले-नातवंडे भांडतात.

या भांडणाला फावल्या वेळचा चाळा समजणाऱ्यांशी माझे पटत नाही. ‘काळ वेगळा, खेळ वेगळा, मग तुलना कसली?’ असे म्हणून ते मोडीत काढणे सोपे आहे. पण सामान्य समर्थकाच्या हाती दुसरे असते तरी काय? क्लबचे पदाधिकारी त्याला विचारून ठरत नाहीत, खेळाडू त्याला विचारून आणले जात नाहीत, तिकिटाचा दरही कोणी त्याला विचारत नाही. थोर कोणाला म्हणायचे, एवढे मात्र तोच ठरवतो, आणि ते ठरवताना क्लब कोणाचा आणि कशासाठी, याचाही निवाडा करत असतो. म्हणून हा वाद मला क्लबच्या घटनेइतका महत्त्वाचा वाटतो.

मोहन बागानच्या बाबतीत त्याची सुरुवात २९ जुलै १९११ या दिवसापासून करावी लागते. आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवणाऱ्या अकरा जणांपैकी दहा जण अनवाणी होते. बूट होते ते एकट्या सुधीर चॅटर्जींच्या पायांत. मागे पडल्यावर कर्णधार शिवदास भादुरींनी बरोबरी साधली आणि अभिलाष घोष यांनी विजयी गोल केला. बंगालमध्ये या संघाला ‘अमर एकादश’ म्हणतात आणि वादात त्याला सहसा बाजूलाच ठेवतात, देवघरातल्या मूर्तींना स्पर्धेत उतरवू नये तसे. मला हे खटकते. अकराही जणांना एका नावाखाली पूजले की हिरालाल मुखर्जींनी गोल कसा राखला, सुधीर चॅटर्जी बचावात कसे खेळले, हे विचारायचे कारणच उरत नाही. ज्यांच्याबद्दल वाद थांबतो ते हळूहळू माणसे राहत नाहीत, तसबिरी होतात.

गोष्ठ पाल यांचे उलट झाले. १९१० आणि १९२० च्या दशकांत बुटातल्या गोऱ्या पलटणींसमोर अनवाणी पायांनी भिंतीसारखा उभा राहिलेला हा बचावपटू. ‘चिनी भिंत’ हे त्यांचे टोपणनाव अजून चालते. १९६२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हा मान मिळवणारे ते पहिले फुटबॉलपटू. कोलकात्याच्या मैदान भागात त्यांच्या नावाचा रस्ता आहे, पुतळा आहे. तरीही नव्या पिढीच्या वादात ते मागे पडतात, कारण बचावपटूचे मोठेपण आकड्यांत मावत नाही. न झालेल्या गोलची नोंद कोणत्या वहीत होणार?

इथे पुराव्याचा प्रश्न येतो. कोलकाता दूरदर्शन सुरू झाले ९ ऑगस्ट १९७५ रोजी. त्याआधीचा सारा खेळ वर्तमानपत्रांत, आकाशवाणीवरच्या धावत्या वर्णनात आणि पाहणाऱ्यांच्या आठवणीत आहे. आजचा मुलगा बरेटोचा गोल हवा तेव्हा, हवा तितक्यांदा पाहू शकतो. चुनींनी दोन बचावपटूंच्या मधून चेंडू कसा काढला, हे त्याला आजोबांकडूनच ऐकावे लागते, आणि आजोबांच्या सांगण्यात दोनाचे चार बचावपटू झालेले असण्याची शक्यता तो धरून चालतो. चित्रफीत खरी आणि आठवण खोटी, असा हिशेब मग आपोआप मांडला जातो. तो अन्यायाचा आहे. निवडक गोलांची चित्रफीत उरलेल्या ८९ मिनिटांबद्दल काही सांगत नाही. वर्षानुवर्षे एकाच कट्ट्यावरून एकाच खेळाडूला पाहणाऱ्याची साक्ष त्या ८९ मिनिटांची असते. तिला फुगवण्याची सवय असेल, तर तिची उलटतपासणी करावी. ती ऐकायचीच नाही असे ठरवू नये. कोलकात्यातले वाद जिथे चांगले रंगतात तिथे ही उलटतपासणी होतेच. मन्नांच्या चाहत्याला १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध हुकलेल्या पेनल्टीचे काय, हे विचारले जाते आणि १९५२ च्या हेलसिंकीचेही, जिथे त्यांच्या नेतृत्वाखाली भारत युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा हरला. तो १९५१ च्या आशियाई सुवर्णपदकाने उत्तर देतो.

निष्ठेच्या कसोटीवर वाद अधिक कडू होतो. जुन्यांचे म्हणणे असे, की मन्ना १९४२ ते १९६० मोहन बागानसाठीच खेळले, चुनी १९५४ मध्ये आले आणि १९६८ पर्यंत दुसरीकडे गेले नाहीत. आजचे खेळाडू मात्र दर दोन वर्षांनी जर्सी बदलतात. मन्नांची पोटापाण्याची नोकरी भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात होती आणि क्लबकडून पैसे घेणे त्यांच्या स्वभावात बसले नाही, हे अभिमानाने सांगितले जाते. अभिमान योग्यच आहे. पण ज्याचे घर सरकारी पगारावर चालते त्याची निष्ठा आणि ज्याचे घर फक्त खेळावर, तेही पस्तिशीपर्यंतच चालणार आहे त्याची निष्ठा एकाच तराजूत तोलू नये. माणसासमोर कोणते पर्याय होते, हे पाहूनच त्याची निष्ठा मोजावी. चुनींसमोर पर्याय होते. प्रतिस्पर्धी ईस्ट बंगाल क्लबला ते हवे होते, आणि क्रिकेटमध्येही त्यांची जागा पक्की होती. १९७१-७२ च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध बंगालचे कर्णधार तेच होते. १९६२ मध्ये जकार्ताला भारताचे कर्णधार म्हणून आशियाई सुवर्ण जिंकल्यावर तर त्यांना कोणीही डोक्यावर घेतले असते. ते राहिले. बरेटो १९९९ मध्ये आला, मध्ये गेला, मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडूनही खेळला, आणि परत येऊन २०१२ पर्यंत राहिला. गेलेला माणूस परत येतो, यात न गेलेल्याइतकीच निष्ठा असू शकते. बरेटोच्या बाजूने बोलणाऱ्या तरुणांचा हा मुद्दा मला पटतो.

या यादीकडे थोडे लांबून पाहिले की आणखी एक गोष्ट दिसते, आणि माझ्या दृष्टीने ती सर्वांत मोलाची आहे. मोहन बागान हा ‘घटीं’चा, म्हणजे पश्चिम बंगालच्या मूळ रहिवाशांचा क्लब आणि १९२० मध्ये स्थापन झालेला ईस्ट बंगाल हा पूर्वेकडून आलेल्या ‘बांगालां’चा, अशी सरळ विभागणी सांगितली जाते. पण गोष्ठ पाल जन्मले पूर्व बंगालातल्या फरीदपूर जिल्ह्यात. चुनी गोस्वामींचा जन्म किशोरगंजचा, जे आज बांगलादेशात आहे. फाळणीत उखडलेल्या पंजाबातून आलेला जर्नैल सिंग मोहन बागानचा बचाव सांभाळत होता. जकार्ताच्या अंतिम सामन्यात डोक्याला पट्टी बांधून आघाडीला खेळत त्याने दक्षिण कोरियाविरुद्ध गोल केला. २४ सप्टेंबर १९७७ रोजी ईडन गार्डन्सवर पेलेचा कॉसमॉस संघ खेळला, तेव्हा २-२ बरोबरीतले मोहन बागानचे दोन्ही गोल गोरखा श्याम थापा आणि हैदराबादी मोहम्मद हबीब यांनी केले. त्यात बरेटो मिळवा. रक्ताच्या आणि गावाच्या हिशेबाने उभ्या राहिलेल्या क्लबने ज्यांना थोर मानले, त्यांतले कितीतरी त्या हिशेबाबाहेरचे आहेत. ठराव करून हे झाले नाही. वाद घालणाऱ्यांनी, एकेक नाव पुढे रेटत, आपल्या क्लबचे दार रुंद केले.

म्हणूनच २०२० मधला संघर्ष समजण्यासारखा होता. इंडियन सुपर लीगमध्ये उतरण्यासाठी क्लबचा फुटबॉल विभाग एटीके या संघाच्या मालकांशी जोडला गेला, ८० टक्के हिस्सा उद्योगसमूहाकडे गेला आणि संघाचे नाव ‘एटीके मोहन बागान’ झाले. पैसा आला, चांगले खेळाडू आले. क्लबला त्याची गरज होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरी समर्थकांनी ती तीन अक्षरे काढण्याची मागणी लावून धरली. अवघ्या सहा वर्षांपूर्वी जन्मलेल्या संघाचे नाव शिवदास भादुरींच्या संघाच्या आधी लागणे त्यांना मान्य नव्हते. २०२३ मध्ये ती अक्षरे गेली. ‘सुपर जायंट’ हे नवे शेपूट आले खरे, पण ते नावाच्या मागे. भांडवलाने माघार घेतल्याचे असे प्रसंग भारतीय खेळात विरळा, आणि ही माघार घ्यायला लावली ती आपले थोर कोण हे पिढ्यान् पिढ्या भांडून ठरवलेल्या लोकांनी.

मुंबईकडे पाहिले की या ताकदीची किंमत कळते. मुंबईत रोव्हर्स कप १८९१ पासून चालू होता. मोहन बागान १९२३ मध्ये तिथे अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि १९५५ मध्ये पहिल्यांदा जिंकला. आपल्या शहराचे संघ मात्र कंपन्यांचे होते: टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्रा. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला. त्यांचा सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण, यावर आज कोणी आवाज चढवत नाही. कंपनीच्या संघाला प्रेक्षक होते, वारस नव्हते. कोल्हापुरात असे झाले नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींचे संघ पेठांचे आहेत, आणि शाहू स्टेडियमवर सामना असला की जुन्या खेळाडूंवरूनही तितक्याच त्वेषाने बोलले जाते. पेठ आपला संघ बंद करायचा निर्णय संचालक मंडळाच्या बैठकीत घेऊ शकत नाही.

मुंबईच्या कंपन्यांच्या संघांतून खेळलेल्यांत गोव्याच्या आसगावात जन्मलेला नेव्हिल डिसोझा होता. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. एकूण चार गोलांसह स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांत तो होता आणि भारत चौथा आला. चुनी गोस्वामी त्या संघात नव्हते. तेव्हा कोलकात्याचा कोणी चुनींना भारताचा सर्वश्रेष्ठ फुटबॉलपटू म्हणाला, तर नेव्हिलच्या बाजूने बोलायला मुंबईचे, गोव्याचे कोणीतरी पुढे आले पाहिजे. मी माझ्यापुरता बोलतो: जकार्ताचे सुवर्ण मोठेच, पण ते आशियातले होते, नेव्हिलचे चार गोल साऱ्या जगासमोर झाले. आता चुनींच्या चाहत्यांनी उत्तर द्यावे.