दूर टाकलेले कोठे जाते?

बडोदे शहराच्या वायव्येस कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना १९६५ साली सुरू झाला. मागोमाग खताचा, मग रसायनांचे कारखाने उभे राहिले. सांडपाणी सोडायचे कोठे, हा प्रश्न पडला तेव्हा एक पाट बांधण्यात आला. धनोऱ्याहून निघालेला हा पाट १९८३ पासून सुमारे ५५ किलोमीटर वाहत सारोद गावाजवळ महीच्या मुखाशी जातो. पाण्यावर आधी प्रक्रिया करावी लागते, हे खरे. तरी बडोदेकरांच्या दृष्टीने ते दूर जाते. सारोदच्या मनुष्याला ते जवळ येते. माझा शेजारी कोण, हा शास्त्र्याने प्रभूला विचारलेला प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो.

अरण्यात ‘दूर’ अशी जागाच नाही. गळलेले पान बुरशी खाते, गांडूळ खाते, आणि त्याची माती होऊन मुळांना मिळते. मनुष्याला हे अगदीच जमत नाही असे नव्हे. बडोद्याच्या गुजरात स्टेट फर्टिलायझर्समध्ये नायलॉनसाठी लागणारे कॅप्रोलॅक्टम तयार होते. त्यात वापरलेले गंधकाम्ल अमोनियाने शमविले की अमोनियम सल्फेट मिळते, आणि ते खत म्हणून शेतात जाते. डेन्मार्कमधील कालुंडबोर्ग येथे १९७२ पासून तेलशुद्धीकरण कारखान्याचा जादा वायू शेजारच्या प्लास्टरबोर्डच्या कारखान्यात जळणासाठी जाऊ लागला. पुढे वाफ, पाणी, जिप्सम अशी शेजाऱ्यांची देवघेव वाढत गेली.

पण ज्या उरलेल्याला गिऱ्हाईक मिळते तेच वाचते. बाकीचे पाटाला लागते. मग हा नुसता नफ्याचा हिशोब म्हणायचा का? मला तसे वाटत नाही. शेताचे कोपरे कापू नयेत, सरवा वेचू नये, हे मोशेच्या नियमशास्त्रात सांगितले ते धन्याच्या फायद्यासाठी नव्हे. विळा लावण्यापूर्वीच उरणाऱ्या कणसांचा वाटेकरी ठरलेला होता. (रूथेची गोष्ट शिकविताना शब्बाथशाळेत आपण बवाजाच्या औदार्याविषयी पुष्कळ बोलतो, या नियमाविषयी फारच थोडे.) कारखान्याचा आराखडा काढतानाही जे उरेल ते कोणाच्या उपयोगी पडेल, हे आधी ठरविता येते, आणि जे माती, पाणी वा दुसरा कारखाना कोणीच स्वीकारणार नाही असे द्रव्य वापरायचे की नाही, हे त्याही आधी.

असे केल्याने कधी माल महाग पडेल. कापड, रंग, औषधे घेणारे आपणच. ते चार पैसे सारोदकरांनी नव्हे, आपण द्यावेत, असे माझे मत आहे.