साठ फ्रेमांचा संतोष

पन्नाशी ओलांडलेला माणूस रात्री कॉम्प्युटरवर ट्रक चालवतो, हे बोईसरमध्ये कुणाला सांगायची सोय नाही. "चिल्हार रोडला उभे राहा, खरे ट्रक बघून कंटाळाल," असं उत्तर येतं. तरी मी चालवतो. तारापूर एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्यात मी इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे. पाळीभर रिॲक्टरचे दाब आणि तापमान बघायचं, आणि रात्री तासभर 'युरो ट्रक सिम्युलेटर 2' लावून रॉटरडॅमचा माल प्रागला पोचवायचा. मशीन मीच जोडलेलं आहे: रायझन 5 2600, बी450 मदरबोर्ड, 16 जीबी डीडीआर4 रॅम, जीटीएक्स 1660 कार्ड, 450 वॉटचा एसएमपीएस आणि साधा फुल एचडी, 60 हर्ट्‌झचा मॉनिटर. 2019 मध्ये जोडलं तेव्हा ते छान चालत होतं. कालपरवापर्यंतही जवळपास तसंच चालत होतं. मला मात्र ते कमी पडतंय असं वाटायला लागलं, आणि ही उणीव यंत्रात आहे की माझ्यात, हे कळल्याशिवाय पैसे काढायला हात धजेना.

शेजारचे आप्पा माळकरी आहेत. त्यांना विचारलं, तर म्हणाले, "आहे त्यात समाधान मान रे बाबा. हावेला अंत नाही." बोलणं खोटं नाही. पण माझा धंदा असा, की "आहे ते चालतंय की" हे वाक्य ज्या फ्लँजपाशी ऐकू येतं तिथून मी दोन पावलं मागे सरतो. गॅस्केट पाझरतंय पण फुटलेलं नाही, ट्रान्समीटर चुकतोय पण थोडाच, अलार्म वाजतो पण तो रोजच वाजतो. हेही आहे त्यात समाधान मानणंच झालं. आप्पांचा संतोष आणि आमच्या शिफ्टमधला हलगर्जीपणा, दोघांच्या तोंडी एकच वाक्य. मग फरक कुठे करायचा?

संतोषाचा सगळ्यात कडक दाखला आमच्याच जिल्ह्याशी जोडलेला आहे. नालासोपाऱ्याच्या स्तूपाचं उत्खनन भगवानलाल इंद्रजींनी 1882 मध्ये केलं. त्या सोपाऱ्याचा, म्हणजे शूर्पारकाचा, पूर्ण नावाचा व्यापारी बुद्धाचा भिक्खू झाला अशी बौद्ध परंपरा सांगते. तो आपल्या मुलखात परत जायला निघाला तेव्हा बुद्धाने त्याला विचारलं, तिथले लोक तापट आहेत, त्यांनी शिव्या दिल्या तर? पूर्ण म्हणाला, मी म्हणेन बरे लोक आहेत, हात तर उचलत नाहीत. हात उचलला तर? बरे आहेत, ढेकळं मारत नाहीत. ढेकळांनंतर काठ्या, काठ्यांनंतर शस्त्रं, आणि शेवटी जीवच घेतला तर? पूर्णाकडे त्याचंही उत्तर तयार होतं. असा तो पायरी पायरीने खाली उतरत जातो आणि प्रत्येक पायरीवर त्याला पुरेसं सापडतं.

ग्राफिक्स कार्डाच्या दुनियेत नेमकी उलटी शिडी आहे. 60 फ्रेम मिळाल्या की 144 हव्यात, 144 झाल्या की 240 चा मॉनिटर खुणावतो, फुल एचडी झालं की 4के. पूर्णाच्या शिडीला निदान तळ आहे, मरणाच्या खाली पायरी नाही. वर जाणाऱ्या शिडीचं टोक अजून कुणाला दिसलेलं नाही.

ते का दिसत नाही, याचं कारण मला तत्त्वज्ञानात नाही, टास्क मॅनेजरमध्ये मिळालं. कुठल्याही मशीनमध्ये एक भाग सगळ्यात हळू असतोच. कार्डाचा वापर 99 टक्क्यांवर चिकटला असेल तर अडलंय ते कार्डापाशी. कार्ड निम्मं रिकामं बसलंय आणि तरी चित्र अडखळतंय, तर प्रोसेसर मागे पडलाय. खात्री करायची तर रिझोल्यूशन उतरवून बघायचं. फ्रेम वाढल्या नाहीत तर कार्डाचा दोष नाही. माझ्या ट्रकचं तेच निघालं. हा गेम 2012 चा, त्याचा बराचसा भार प्रोसेसरच्या एकाच कोअरवर येतो. मोकळ्या हायवेवर झकास, मोठ्या शहरात शिरलं की धापा टाकतो. तिथे तीस हजारांचं कार्ड बसवूनही फरक पडला नसता. 'सायबरपंक 2077' मध्ये याच्या उलट: तिथे कार्ड दमतं, प्रोसेसर आरामात असतो. म्हणजे अडथळा अमुक एका भागाच्या अंगात नाही, दोघांच्या मधल्या नात्यात आहे. तो एका जागेवरून काढला की दुसऱ्या जागी जाऊन बसतो. नाहीसा होत नाही, कारण सगळ्यात हळू असं काहीतरी नेहमीच उरतं. ययातीने पुरूचं तारुण्य मागून घेतलं आणि हजार वर्षं भोग घेऊनही तो तिथल्या तिथेच राहिला, ही कथा लहानपणी मला अतिशयोक्तीची वाटायची. आता ती हिशेबाची वाटते.

अडथळा मरणारच नसेल, तर निदान तो कुठे बसावा हे आपण ठरवू शकतो. मी त्याला मॉनिटरवर बसवला. माझा मॉनिटर सेकंदाला 60 वेळाच चित्र बदलतो. कार्डाने 90 फ्रेम काढल्या तरी तीस वायाच. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन 60 ची मर्यादा घातली. कार्ड थंड झालं, पंख्याचा घरघराट थांबला, खोलीत बायकोच्या मालिकेचे संवाद ऐकू यायला लागले (हा लाभ की तोटा, ते ज्याने त्याने ठरवावं). पतंजलींनी संतोषाला पाच नियमांत धरलंय ते मला तेव्हा पटलं. मनात आपोआप उगवणारी भावना म्हणून नाही, स्वतःवर हाताने घातलेली मर्यादा म्हणून. अमुक इतकं पुरे, हा आकडा आधी ठरवायचा, मग त्याच्याशी तुलना करायची. आकडा न ठरवता मन मारत बसणं म्हणजे हाव फक्त पुढच्या महिन्यावर ढकलणं.

खालच्या मजल्यावरचा मुलगा वॅलोरंट खेळतो. त्याला हे अजिबात मान्य नाही. "काका, 60 ला कॅप लावली तर माऊस जड लागतो, समोरचा आधी मारतो." त्याचंही खरं आहे. जास्त फ्रेम काढल्या की माऊस हलवल्यापासून पडद्यावर दिसेपर्यंतचा वेळ कमी होतो, आणि तो स्पर्धेत खेळतो. त्याचा आकडा वेगळा. मला प्रागला पोचायचंय, कुणाला मारायचं नाही.

त्याच पाच नियमांत संतोषाचा नंबर दुसरा आहे. पहिलं शौच. हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो, विशेषतः तारापूरसारख्या ठिकाणी. एका बाजूला समुद्राची खारी हवा, दुसऱ्या बाजूला कारखान्यांचा वास. तांब्याच्या पट्ट्या काळ्या पडायला वेळ लागत नाही. आमच्या कंट्रोल रूमला म्हणूनच हवा गाळून घ्यावी लागते, पण माझ्या बेडरूमला ती चैन नाही. तेव्हा नवीन काही घ्यायच्या आधी कॅबिनेट उघडलं, गॅलरीत नेऊन ब्लोअर मारला, रॅमच्या काड्या काढून त्यांच्या सोनेरी कडा खोडरबराने हलक्या हाताने घासल्या, प्रोसेसरवरची सुकलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. तापमान उतरलं, अधूनमधून होणारं हँग होणं बंद झालं. माझी अर्धी हाव त्या धुळीबरोबर उडाली. हे न करता कुणी वैराग्याची किंवा नव्या कार्डाची, कसलीही गोष्ट बोलत असेल, तर आधी त्याच्या हातात ब्लोअर द्यावा.

आता जिथे संतोष अजिबात मानू नये ती जागा. एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. फ्रेम कमी मिळाल्या तर माझंच मन खट्टू होतं, दुसऱ्या कुणाचं काही जात नाही. पण हलका एसएमपीएस फुटला तर बाकीचे भाग घेऊन जातो, आणि वायर जळाली तर घरात झोपलेली माणसं आहेत. आप्पांचा संतोष आणि शिफ्टमधला हलगर्जीपणा यांच्यातली रेघ मला इथेच दिसते. कमतरतेची किंमत मी एकटा भरणार असेन तर पूर्णाची शिडी उतरायला हरकत नाही. ती दुसरा कुणी भरणार असेल, तर माझ्या समाधानाचा तिथे काही संबंध नाही. पूर्णानेही शिव्या आणि ढेकळं स्वतःच्या अंगावर घ्यायची म्हटलं होतं, शेजाऱ्याच्या नव्हे.

आणि सुटा भाग कितीही चांगला असला तरी त्याचं मोल जिथे बसतो तिथेच ठरतं. एसएस 316 हे भारी स्टील, पण हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या लाइनला ते लावलं तर खाऊन जातं. तिथे आतून टेफ्लॉन चढवलेला पाइपच लागतो. आमच्या ट्रेनिंगमध्ये इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरोच्या कारखान्याची गोष्ट हमखास सांगतात. पाचव्या रिॲक्टरला चीर गेली म्हणून तो काढला, आणि चौथ्या-सहाव्याला जोडायला 20 इंचाचा वाकडा पाइप टाकला. दोन्हीकडची तोंडं 28 इंचांची, मध्ये बेलोज. आराखडा म्हणे वर्कशॉपच्या जमिनीवर खडूने काढला होता. 1 जून 1974 ला तो पाइप सुटला आणि 28 माणसं गेली. पाइप वाईट नव्हता. त्या जागेचा नव्हता. तेव्हापासून कारखान्यात शिस्त अशी, की जसाच्या तसा भाग बदलायचा असेल तर साधं परमिट पुरे. जरा जरी वेगळा असेल तर चार लोकांनी बसून विचार करायचा.

घरच्या मशीनलाही मी हीच शिस्त लावतो. 2022 चं आरएक्स 6500 एक्सटी हे कार्ड स्वस्त म्हणून अनेकांना मोह पडला, पण त्याला पीसीआयईच्या चारच लेन आहेत. पीसीआयई 4.0 च्या बोर्डवर ते निभावतं. माझा बी450 बोर्ड 3.0 चा, तिथे वाट निम्मी होते आणि कार्ड गुदमरतं. डीडीआर5 रॅमची खाच वेगळ्या जागी असते, ती माझ्या बोर्डात शिरणारच नाही. कार्डाची लांबी आणि कॅबिनेटमधली जागा टेपने मोजायची. एसएमपीएसला 8 पिनची वायर आहे का ते बघायचं. अडॅप्टरवर भागवायचं नाही.

क्रमही सांभाळावा लागतो. पश्चिम रेल्वेला जे वर्षानुवर्षं करावं लागलं ते आम्ही डहाणू पट्ट्यातल्यांनी जवळून पाहिलंय. विरारच्या उत्तरेला 25,000 व्होल्ट एसी, दक्षिणेला चर्चगेटपर्यंत 1,500 व्होल्ट डीसी. लांब पल्ल्याच्या गाड्यांना दोन्हीवर चालणारी डब्ल्यूसीएएम-1 इंजिनं लागायची. डीसीची तार एका रात्रीत एसी करता येत नव्हती. आधी दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या लोकल आल्या, मग टप्प्याटप्प्याने तारा बदलल्या. 2012 मध्ये काम संपलं आणि 2013 मध्ये डहाणूपर्यंत लोकल आली. माझ्या बोर्डचंही तसंच: नवा प्रोसेसर आधी बसवला तर स्क्रीन काळीच राहणार, कारण बोर्डातलं जुनं बायोस त्याला ओळखत नाही. जुना प्रोसेसर असतानाच बायोस बदलायचं, तेही यूपीएस लावून, कारण बायोस लिहिता लिहिता लाइट गेली तर बोर्ड गेला. पावसाळ्यात बोईसरमध्ये हे काम काढू नये.

कधी घ्यायचं, याला बाजाराचीही एक चाल असते. 2021 मध्ये क्रिप्टोवाल्यांनी कार्डं उचलली आणि किमती आभाळाला गेल्या. 2022 मध्ये त्या उतरत गेल्या, आणि सप्टेंबरमध्ये इथेरियम या चलनाने कार्डांची गरजच संपवली. गरज खरी असेल तरी ती थांबू शकते का, हे विचारायला हवं. न थांबणारीही असते. विंडोज 10 ची नेहमीची सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली, तिथे संतोष मानून भागत नाही. माझा 2600 विंडोज 11 च्या यादीत बसत होता म्हणून मी सुटलो.

एवढं सगळं झाल्यावर उरलं ते इतकंच, की शहरात शिरल्यावर ट्रक साठाच्या खाली घसरतो. आकडा मीच ठरवलेला, कमी पडतोय तो भाग सापडलेला. मग रायझन 5 5600 घेतला. 65 वॉटचाच, 2600 सारखा. म्हणून कूलर तोच, एसएमपीएस तोच, एएम4 सॉकेट तेच. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात गेलो तेव्हा दुकानदाराने 5800एक्स3डी काढून दाखवला. तो गेमसाठी जास्त चांगला आहे यात शंका नाही. माझ्या 60 ला त्याची गरज नव्हती.

जुना 2600 पालघरच्या भाच्याला द्यायचा ठरवला. त्याला म्हटलं, आधी मदरबोर्डचा फोटो पाठव. फोटो आला: एच310, इंटेलचा. प्रोसेसर तसाच ड्रॉवरमध्ये राहिला. कारखान्याच्या स्टोअरमध्ये असल्या वस्तूला इन्शुरन्स स्पेअर म्हणतात, ती दहा वर्षंही पडून राहिली तरी चालते. आप्पांना हे समजावून सांगितलं. ते म्हणाले, "तुझ्या घरी कसलं स्टोअर? ज्याला बसेल त्याला देऊन टाक." सध्या ओळखीत एएम4 चा बोर्ड कुणाकडे आहे, ते विचारत फिरतोय.